धंदा बदलून छापलेलं पत्र

छोट्या धंदेवाल्यांच्या त्या मासिकात सगळं काही येई. कच्च्या मालाचे भाव, नवे कायदे, कोणतं यंत्र घ्यावं, कोणतं घेऊ नये. पण वाचक आधी उलटत ते शेवटचं पान. तिथे एक बाई वाचकांच्या पत्रांना उत्तरं देत. लिहिणारा ओळखू येऊ नये म्हणून त्या नाव तर गाळतच, वर धंदाही बदलत. बेकरीवाल्याचा शिंपी होई, शिंप्याचा छापखानेवाला.

या महिन्यात एका फोटोफ्रेमवाल्याने लिहिलं होतं, 'दादाला नीट दिसत नाही. काच वाकडी कापतो. कसं सांगू?' बाईंनी त्याला किल्लीवाला केलं. 'दादाने कापलेली किल्ली कुलपात अडकते' असं छापलं आणि खाली उत्तर दिलं, 'स्पष्ट सांगा. मोठ्यांचा मान गल्ल्यावर बसूनही राहतो.'

अंक निघाल्यावर पंधरवड्याने एक म्हातारा धापा टाकत जिना चढून आला. हातात तेच पान.

"मी किल्लीवाला. हे माझ्या धाकट्याने लिहिलंय ना?"

"पत्र कोणाचं ते आम्ही सांगत नसतो, काका."

"नका सांगू. चाळीस वर्षं एका बाकावर बसलोय आम्ही. आठ दिवस झाले, दुकानाची पायरी चढलो नाही. तोंडावर बोलायला जीभ झडली होती का त्याची?"

"त्यांना विचारलंत?"

"चोराला विचारू, चोरी केलीस का म्हणून?"

काचेपलीकडून संपादक मान हलवून बाईंना 'नको' म्हणत होते. धंदे बदलतो हे बाहेर फुटलं, तर पानावरचा विश्वास उडेल. बाईंनाही ते कळत होतं. पण दोन भावांच्या मधे भिंत उभी राहत असेल, तर नियम घेऊन करायचंय काय!

"काका, हे पत्र किल्लीवाल्याचं नाहीच. धंदा मी बदललाय. तुमच्या भावाने यातली एक ओळही लिहिलेली नाही."

म्हाताऱ्याने पान डोळ्यांपासून लांब धरलं, मग नाकाशी आणलं.

"मग हे इतकं खरं कसं?"

"काय खरं?"

"किल्ली अडकते ते." तो खुर्चीत बसला. "दोन वर्षं झाली. मी कापलेली प्रत्येक किल्ली तो पुन्हा कानशीने घासतो. विचारलं तर म्हणतो, दादा, जरा चकाकी देतो. मी आपला म्हणायचो, काय हौस आहे गाढवाला!"

बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. त्याने तो तसाच ठेवून टेबलावरचा फोन ओढला.

"मी बोलतोय. हो, जिवंत आहे. ऐक, यंत्रावर आता तू बस. मी गिऱ्हाइकांशी बोलेन, तोंड शाबूत आहे माझं. नाही रे, कोणी चहाडी केली नाही. माझं मलाच कळलं. बरं, आधी नाक पूस. आणि दुकान उघडं टाकून धावत येऊ नकोस, मीच येतो."