देवमातेमागे ठेवलेली मेणाची वडी

मी मेणाची वडी बोलतेय. खायची नव्हे हो. बोटाच्या दोन पेरांएवढी, पाठीला प्लास्टिकची जाळी, तिच्यावर नंबर. पोटात तांदळाच्या दाण्याएवढा मांसाचा कण. तो अग्लायाच्या गर्भाशयाच्या मुखातून तपासणीसाठी काढलेला, मेणात जपलेला. डोंगरातल्या गावात मेंढीच्या दुधाचं चीज करते ती.

माझ्या पोटात बिघडलं होतं ते असं. प्रत्येक पेशीत निरोप देणारी जनुकं असतात. एक म्हणतं, ‘वाढ.’ दुसरं म्हणतं, ‘पुरे, बाई.’ दोघांचं जमतं तोवर सगळं ठीक. अग्लायाच्या पेशींत एक विषाणू वर्षानुवर्षं मुक्कामाला राहिला. त्यानं ‘पुरे’ म्हणणाऱ्यांची तोंडं दाबली. मग ‘वाढ’ म्हणणारं एखादं बिघडलं, तर त्याला थांबवणार कोण?

कर्करोगाचं ऑपरेशन झालं, तरी दुखणं परतलं. एक नवं औषध होतं, पण ठरावीक जनुक बिघडलं असेल तरच चालणारं. ते तपासायचं क्लुज शहरात. आमच्याकडे पेशंटनंच आपली वडी न्यायची असते. जायला आठवडा होता, म्हणून अग्लायानं मला इस्पितळातून रुमालात बांधून घरी आणलं.

नवरा तोआदेर म्हणाला, “चीजच्या फडताळात ठेव, गार राहील.”

“माझं मांस चीजशेजारी? काहीतरीच तुमचं! देवाजवळ राहू दे.”

तिनं मला बाळ कडेवर घेतलेल्या देवमातेच्या तसबिरीमागे ठेवलं. खाली तेलाचा दिवा. सात दिवस तो तेवला, आणि माझा एक कोपरा मऊ होऊन ओघळला.

क्लुजच्या प्रयोगशाळेत वड्या कापणारी विओरिकामावशी ओरडली, “अगं, देवमातेला वडी तळून खायला घालायची होती का?”

“जपून ठेवली होती हो,” म्हणत अग्लाया रडायलाच लागली.

 मावशीनं मला उजेडात धरलं. कण वाचला होता, पण आधीच्या तपासण्यांत बराच तासला गेला होता. तिनं डॉक्टरांना फोन लावला. “काय हवं ते एकदम लिहून द्या. पुन्हा कापायला काही उरणार नाही.”

मग मेण कडक व्हावं म्हणून मला बर्फावर ठेवलं. पातं लागताच मेण तडकलं. मावशी वाकली आणि गारठलेल्या पोराच्या हातांवर फुंकावी तशी ऊन वाफ तिनं माझ्यावर सोडली. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप निघाले, कोमट पाण्यावर तरंगले. एकालाही सुरकुती नाही.

तीन आठवड्यांनी कळलं, बिघडलेलं जनुक तेच. औषध सुरू झालं. गुण येईल की नाही, अजून कुणी सांगत नाही. पण अग्लाया दोन घास जास्त जेवते.

आता माझ्या पोटात नुसतं मेण. घरी परतल्यापासून मी चीजच्या फडताळात असते. परवा अग्लायानं मला लेकीच्या, रुक्सांद्राच्या, हातावर ठेवलं.

“सोमवारी तूही गर्भाशयाचं मुख तपासून ये.”

“आई, काही दुखत नाही गं. आणि लाज वाटते.”

“मलाही दुखत नव्हतं. मलाही लाज वाटायची. त्या लाजेची ही वडी झाली बघ.”

रुक्सांद्रानं मला बराच वेळ हातात धरलं. सोमवारी ती पहिल्या बसनं गेली.

बायांनो, दुखत नसलं तरी तुम्हीही तपासायला जा. माझ्यासारखी दुसरी घडूच नये.