सात पुड्यांतली गांडुळं

वैद्य ओउयांग यांनी माझी दोन्ही मनगटं पाहिली, जीभ पाहिली आणि कागदावर अकरा औषधं लिहिली. नववं वाचून मी म्हटलं, "वैद्यबुवा, गांडूळ नको. अठरा वर्षांपूर्वी क्वानयिन मातेपुढे व्रत घेतलंय. जीव असलेलं काही खात नाही."

"आजीबाई, हे औषध आहे, जेवण नव्हे."

"गिळायचं याच तोंडाने ना?"

शेजारी बसलेल्या रुइफेनने, माझ्या मुलीने, माझं कोपर दाबलं. दम्यामुळे तीन वर्षं मला डोंगरावरच्या देवळात जाता आलं नव्हतं. सहाव्या महिन्याच्या एकोणिसाव्या तिथीला, मातेच्या दिवशी, सहाशे पायऱ्या चढायच्या एवढीच इच्छा. चाळीस दिवस उरले होते. धुराने श्वास कोंडतो असं इस्पितळात म्हणाले, तेव्हा मी उदबत्ती त्याच दिवशी सोडली. तिच्याऐवजी मातेपुढे रोज पाण्याची वाटी ठेवते. उदबत्ती माझं सुख होतं, ते मला सोडता आलं. गांडुळाचा जीव माझा नव्हता.

"याच्याशिवाय छाती मोकळी व्हायची नाही. चढणं विसरा," असं म्हणून वैद्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

बाहेर औषधं बांधून देणाऱ्या लाओ मिआओने फळीवर सात दिवसांचे सात कागद मांडले आणि खणांतून काढून, तोलून, एकेक औषध प्रत्येकावर टाकलं. जर्दाळूच्या बिया, ज्येष्ठमध, आणि वाळून वळलेले ते तपकिरी तुकडे. मी पिशवी खाली ठेवली आणि तुकडे वेचायला लागले.

"अहो मावशी, तांदूळ निवडताय का?"

"हो ना. खडे निघतायत."

रांग हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "आजी, आमची बस चुकेल!"

"तुम्ही पुढे व्हा बाबा, माझे अजून सहा कागद आहेत."

"आई, लोक बघतायत," रुइफेन दातओठ खात म्हणाली. "मरायचंय का तुला?"

"नाही गं. म्हणून तर बाकीची दहा घेतेय."

पाचव्या कागदापाशी छातीत शिट्टी वाजायला लागली. इस्पितळातून दिलेला फवारा मी खिशातून काढला, दोनदा ओढला, जरा थांबले आणि पुन्हा बोटं चालवली. तेवढ्यात वैद्यबुवाच बाहेर आले.

"माझा कागद म्हणजे खानावळ वाटली का?"

"छे. खानावळीत मांस काढून द्या म्हटलं तर देतात."

त्यांनी तुकड्यांचा ढीग पाहिला, माझ्या हातातला फवारा पाहिला, आणि नववी ओळ खोडली.

"उन्हाळ्यात झाडावर किरकिरतो ना, त्या किड्याची कात घालतो. की तिचंही व्रत आहे?"

"मारून काढतात?"

"तो स्वतःच टाकून उडून जातो."

"मग चालेल."

"पण गुण कमी येईल, उशिरा येईल. त्या तिथीला सहाशे पायऱ्यांचं माझ्याकडून वचन नाही. आणि तो फवारा सोडायचा नाही."

"फवारा घेईन. पायऱ्या बसत बसत चढेन. पायरीवर बसायचं नाही, असं व्रत मी घेतलेलं नाही."

लाओ मिआओ ढीग खणात परत लोटू लागला. मी त्यावर तळहात ठेवला. "हे माझ्या पुड्यांतले आहेत."

तुकडे रुमालात बांधून मी दुकानाबाहेरच्या झाडाखाली छत्रीच्या टोकाने माती उकरायला बसले. रुइफेन थोडा वेळ पाठ फिरवून उभी राहिली. मग चरफडत खाली बसली आणि घराच्या किल्लीने उकरू लागली.

"अजून खोल, आई. कोंबड्या काढतील."