दादाने पसंत केलेली गाडी

चाळिशी उलटली तरी घरात सगळे तिला बेबीच म्हणत. पडदे शिवण्याचा तिचा धंदा होता. कापडाचे तागे स्कूटरवर मावेनात, आणि आईला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं तर दर वेळी कुणाची तरी मनधरणी करावी लागे. म्हणून तिने जुनी का होईना, ऐसपैस डिकीची गाडी घ्यायचं ठरवलं. गाड्यांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. वडील गेल्यापासून असल्या गोष्टी ती थोरल्या भावावरच सोपवत आली होती.

दादाने गाडी शोधलीही. "आमच्या साहेबांची सेडान आहे. घरची, जपून वापरलेली. डोळे झाकून घे."

रविवारी दोघं साहेबांकडे गेले. गाडी चकचकीत होती, सीट कव्हरं कोरी करकरीत. बेबीने किल्ली घेऊन एक फेरी मारली. मग मागच्या सीटवर बसून पाहिलं. आईला पाय मोकळे सोडून बसता आलं असतं. तिला गाडी आवडली.

दादा आणि साहेब फाटकाशी बोलत थांबले, तेव्हा साहेबांच्या बायकोने तिला आत नेऊन पाणी दिलं.

"तुम्ही घेताय ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "तुमच्या वहिनी नकोच म्हणाल्या. मुलं बसणार, भर रस्त्यात बंद पडली तर, म्हणाल्या. त्यांचंही खरंच आहे म्हणा. पुरात सीटपर्यंत पाणी चढलं होतं. वायरिंग कधी दगा देईल, मेकॅनिकलाही सांगता येत नाही."

"वहिनी बघून गेल्या?"

"मागच्याच महिन्यात, दोघंही. तुम्हाला बोलले असतीलच की."

"हो," बेबी म्हणाली. दादाला सांभाळून घ्यायची सवय तोंडात इतकी मुरली होती.

बाहेर येऊन तिने किल्ली साहेबांच्या हातात दिली. "गाडी नको मला."

कोपऱ्यापर्यंत दादा तिच्या मागोमाग आला. "साहेबांसमोर माझं नाक कापलंस."

"पुरातली गाडी आहे, माहीत होतं ना तुला?"

"त्यांनी शब्द टाकला होता, बेबी. माझी बढती त्यांच्याच हातात आहे. आणि तू काय, इथल्या इथेच फिरवणार."

"तुझी मुलं त्यात बसलेली चालत नव्हती. आई चालत होती?"

"बंद पडली असती तर मी आलोच असतो की."

हे तो मनापासून म्हणत होता. त्याच्या खोटेपणापेक्षा तिला तेच जास्त लागलं. ती बसने एकटीच घरी आली.

आई वाटच बघत होती. "दादाचा फोन आला होता. ऐनवेळी तू माघार घेतलीस म्हणे."

बेबीने घडलं ते सगळं सांगितलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"त्याचीही काहीतरी अडचण असेल गं," ती शेवटी म्हणाली.

आतल्या खोलीत जाऊन बेबीने अर्धवट पडदा मशीनवर घेतला. शिवण वाकडी गेली, उसवली, पुन्हा घातली.

पुढच्या आठवड्यात ती दुसरी गाडी बघायला गेली, ओळखीपाळखीचा नसलेला एक मेकॅनिक सोबत घेऊन. दादाला तिने कळवलं नाही. त्यानेही विचारलं नाही.