मावशींनी ऐकलेलं पान

अंध लोकांना दवाखान्याची वेळ घरबसल्या घेता यावी म्हणून तिने दोन वर्षं खपून एक अ‍ॅप बनवलं होतं. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा मऊ, सावकाश आवाज त्यात होता आणि त्याचा तिला फार अभिमान होता. त्यावरचा पीएच.डी.चा प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता. चाचण्या तेवढ्या उरल्या होत्या.

पहिल्याच दिवशी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या मावशी आल्या. जन्मांध. धाकट्या बहिणीने त्यांना खुर्चीपर्यंत आणलं आणि ती कोपऱ्यात विणकाम घेऊन बसली.

"आपलं... स्वागत... आहे," आवाज म्हणाला.

मावशींनी दोन वाक्यं कशीबशी ऐकून घेतली. "अगं, हा गृहस्थ आजारी आहे का?"

"सगळ्यांना नीट कळावं म्हणून हळू ठेवलाय, मावशी."

"कळेल गं, पण तोवर मीच बरी होऊन जाईन. वेग कुठे वाढवायचा?"

तिने त्यांचं बोट बटणावर ठेवलं. मावशी ते दाबतच राहिल्या. शब्द एकमेकांत मिसळले, मग शब्दच उरले नाहीत, नुसती किरकिर. यंत्र बिघडलं असं वाटून ती पुढे झाली, तर मावशींनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांची मान किंचित कलली होती आणि बोटं भराभर चालली होती.

अर्ध्या मिनिटाने त्या म्हणाल्या, "डॉक्टरांची यादी दोनदा येते. तारखेच्या खाली एक बटण आहे, त्याला नावच नाही. आणि फोन नंबर अगदी शेवटी का विचारतेस? तो चुकला की सगळं पहिल्यापासून!"

तिने पडद्याकडे पाहिलं. फोनचा रकाना खरंच तळाशी होता. मग तिने आतला कोड उघडला. पडद्यावर एकदाच दिसणारी यादी तिथे दोनदा होती, बटण बिननावाचं होतं. पाच डोळस माणसांनी ते पान महिनोन्महिने तपासलं होतं.

"तुम्हाला एवढ्या वेगात शब्द कळले?" तिने विचारलं.

"न कळायला काय झालं? चौतीस वर्षं कानांवरच पोट भरलंय मी."

"म्हणून तर आमच्या घरात कुजबुजायची सोय नाही," बहीण मान न उचलता म्हणाली.

मग मावशींनी टेबलावर बोटाने अख्खं पान काढून दाखवलं. कुठे काय, कशानंतर काय, एकही जागा चुकली नाही. जे पान आपण घडवलं ते या बाईंना आपल्याहून जास्त ठाऊक आहे, हे तिला आतून कळलं आणि वाईट वाटायचंच राहून गेलं.

संध्याकाळी तिने मार्गदर्शक सरांना सांगितलं, "प्रबंध एक वर्ष पुढे ढकलतेय."

सरांनी चष्मा काढला. "चाचणी फसली?"

"नाही सर. माझी चाचणी झाली."

पुढच्या मंगळवारपासून मावशी तिला ऐकायला शिकवण्यासाठी प्रयोगशाळेत येऊ लागल्या. पडदा बंद, तिचे डोळे मिटलेले, आवाज मावशींच्या निम्म्या वेगावर. तीन आठवडे तिला नुसती किरकिरच ऐकू आली. चौथ्या मंगळवारी त्या किरकिरीतून अचानक एक शब्द सुटा झाला.

"दुपार!" ती ओरडली. "मावशी, तो 'दुपार' म्हणाला!"

"म्हणाला ना?" मावशींनी तिचा हात घट्ट धरला. "आता पुढचा ऐक."