अकरा दिवसांचा थॉमस

आमच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. त्यातली शेवटची नऊ मी मॉरिसच्या मेलेल्या नातेवाइकांबरोबर काढली.

जिवंत नातेवाईक परवडले असते. ते निदान जेवून-खाऊन आपापल्या घरी जातात. हे लोक आले ते राहायलाच. आधी जेवणाच्या टेबलावर, मग पाहुण्यांच्या खोलीत, मग जिन्याखालच्या कपाटात. तिथली माझी इस्त्रीची फळी तेव्हापासून मोरीत उभी आहे.

मॉरिस पाणीखात्यात नकाशे सांभाळायचा. जमिनीखाली कुठली नळी कुठून आली आणि कुठं गेली, हे सांगण्यात त्याची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर पंधरा दिवस त्यानं गॅरेज आवरलं. सोळाव्या दिवशी त्याच्या काकांचं दफन होतं. तिथं कुणीतरी सहज विचारलं, "आपण टिपटन मूळचे कुठले रे?" विचारणारा चहा पिऊन निघून गेला. मॉरिस मात्र त्या प्रश्नात जो अडकला तो अडकलाच.

लोक सुट्टीत समुद्रावर जातात. आम्ही श्रॉपशरच्या डोंगरातल्या चर्चांमध्ये जायचो. गाडी मी चालवायची, कारण जुनं चर्च दिसलं की मॉरिसची मान वळते आणि मानेबरोबर गाडीही. मग तो ओल्या गवतात गुडघे टेकून थडग्यावरचं शेवाळ ब्रशनं हळूच झाडणार, आणि मी त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभी. उरलेले दिवस जिल्ह्याच्या दप्तरखान्यात. तिथं पेन चालत नाही, पेन्सिल चालते. बोलणं चालत नाही, खोकला कसाबसा चालतो. जुन्या चर्चांच्या नोंदवह्या तिथं ठेवलेल्या असतात: बाप्तिस्मे, लग्नं, दफनं. त्या काळच्या पाद्र्यांना कानावर पडेल तसं लिहायची सवय. टिपटन, टिप्टिन, टिबटन, डिपटन. एका महाभागानं तर नुसतं 'टिप' लिहून पुढं शाईचा डाग पाडला होता. त्या डागावर मॉरिसनं माझ्या आयुष्यातला एक अख्खा ऑगस्ट महिना घालवला.

पण वंशावळ जुळली. मॉरिसपासून मागं मागं जात तो अ‍ॅशबॅच नावाच्या खेड्यातल्या थॉमसपर्यंत पोचला. थॉमसचं लग्न तिथल्याच चर्चमध्ये १७८५ साली झालेलं. त्याच चर्चच्या वहीत १७६२च्या मार्चमध्ये थॉमस टिपटनचा बाप्तिस्मा. बाप विल्यम, चर्चचा विश्वस्त. वय जुळतं, गाव जुळतं, नाव जुळतं. मग विल्यमचा बाप एडमंड, त्याचा बाप दुसरा विल्यम आणि त्याचा बाप रॉजर. या रॉजरनं १६७१ साली चर्चला घंटा दिली होती. त्या घंटेचं मॉरिसला इतकं कौतुक, की कुणी दारावरची बेल वाजवली तरी तो रॉजरचा विषय काढायचा.

शेवटी पुस्तक झालं. 'टिपटन: चारशे वर्षांची वाट'. ऐंशी प्रती छापून आल्या आणि दाराशी खोक्यांची रांग लागली. सगळ्या टिपटन मंडळींना अ‍ॅशबॅचच्या सभागृहात शनिवारी बोलावलं होतं. पन्नासजण येणार होते. मला वाटलं, सुटले. शनिवारी पुस्तकं वाटली की रविवारी इस्त्रीची फळी परत कपाटात.

गुरुवारी मॉरिसला सभागृहात लावायला एका पानाचा फोटो पुन्हा काढायचा होता, म्हणून आम्ही दप्तरखान्यात गेलो. तो जुनी पानं मोठी करून दाखवणाऱ्या यंत्रापाशी बसला. मला काही काम नव्हतं. समोरच्या फळीवर आसपासच्या गावांच्या नोंदवह्या कुणा हौशी मंडळींनी छापून काढलेल्या होत्या. त्यातलं विस्टनहोपचं पुस्तक मी खाली ओढलं. उगाच. जुनी नावं वाचायला मजा येते म्हणून. एका बाईचं नाव 'शांतता' होतं आणि तिला चौदा मुलं होती. मी हसू दाबत पान उलटलं.

दफनं, १७६२. "२६ मार्च. थॉमस, अ‍ॅशबॅचच्या विल्यम टिपटन यांचा मुलगा. वय अकरा दिवस."

मी पुस्तक मिटलं. उघडलं. अक्षरं तीच.

विल्यमच्या बायकोचं माहेर विस्टनहोप, हे मला मॉरिसनंच शंभरदा सांगितलं होतं. मूल गेलं तेव्हा आजोळच्या मातीत पुरलं असणार. मॉरिसनं अ‍ॅशबॅचची दफनं ओळ न् ओळ पाहिली होती, तिथं थॉमस नव्हता, म्हणून त्यानं त्याला जिवंत धरलं. जिवंत धरलं, मोठं केलं, लग्न लावलं, सात पोरं दिली. आणि ज्या थॉमसचं खरंच लग्न झालं तो कुठून तरी आलेला कुणी दुसराच. म्हणजे विल्यम आमचा नाही. एडमंड नाही. रॉजर नाही. घंटा तर नाहीच नाही.

मला कुणाचा राग आला सांगू? माझाच. नऊ वर्षं मी एका कागदाला हात लावला नव्हता. लावला तो नेमका गुरुवारी.

"काय वाचत होतीस?" गाडीत बसताना मॉरिसनं विचारलं.

"काही नाही. बायकांची नावं."

शुक्रवारी सकाळी तो उद्यासाठी अंडी उकडत होता. पन्नास माणसांची सँडविचं. एप्रन बांधून, अंडी मोजत, गुणगुणत. मी म्हटलं, "मॉरिस, गॅस बंद कर."

"अजून चार मिनिटं."

"बंद कर म्हणते ना!"

मी सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "दुसरा विल्यम असेल."

"अ‍ॅशबॅचमध्ये तेव्हा एकच विल्यम टिपटन होता. पान त्रेचाळीस. तूच लिहिलंयस."

"छापणाऱ्यांनी चूक केली असेल."

"असेल."

"तुला कधीच आवडलं नाही हे सगळं."

"नाही आवडलं. म्हणून काय मी एक मूल मारलं?"

मग एप्रन काढून त्यानं कोट घातला. दप्तरखाना शुक्रवारी दुपारपर्यंतच उघडा असतो. चाळीस मैलांचा रस्ता. दोन चर्चं लागली, त्यानं मान वळवली नाही.

त्यानं विस्टनहोपची मूळ वही पाहिली. छापणाऱ्यांची चूक नव्हती. बारीक, सरळ अक्षर. तेवढा एक पाद्री नेमका नीट लिहिणारा निघाला. मॉरिसनं पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं, आता हा रॉजरसाठी रडणार.

"डोरीन," तो हळूच म्हणाला, "अगं, अकरा दिवसांचं बाळ ते. मी नऊ वर्षं त्याला आजोबा म्हणत होतो."

काउंटरवरच्या बाईनं आमच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मीही तिच्याकडे वटारून पाहिलं.

परतताना मी म्हटलं, "उद्या काही बोलू नकोस. पुस्तकं वाट, सँडविचं वाट, घरी ये. मग बघू."

"खोटं वाटू?"

"कुणाला कळणार आहे?"

"मला," तो म्हणाला. "नळी जोडलेलीच नाही, डोरीन. नकाशावर ती जोडलेली दाखवायची?"

शनिवारी सभागृह भरलं. मॉरिस पुढं उभा राहिला आणि पहिल्याच वाक्यात म्हणाला, "सगळ्यांनी कृपा करून पान एकेचाळीस उघडा. तिथून मागच्या पिढ्या सगळ्या चुकीच्या आहेत." मग त्यानं वीस मिनिटं नीट समजावून सांगितलं. लोक त्याच्याकडे असे बघत होते की जणू तो बसचं वेळापत्रक वाचून दाखवतोय.

वुल्व्हरहॅम्प्टनहून आलेली त्याची चुलत बहीण बेरिल उठली. "मॉरिस, मी उशीवर घंटा भरलीय. सहा महिने लागले मला."

"उशी छान आहे, बेरिल. पण घंटा आपली नाही."

"मग कुणाची?"

"दुसऱ्या टिपटनांची."

"टिपटनचीच ना? मग झालं तर!" ती खाली बसली.

मागून एकजण ओरडला, "अरे, दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीची गोष्ट, कोण बघतंय! तो घंटावाला मला आवडला. मी तो ठेवतोय." लोक हसले. टाळ्याही वाजल्या. आणि सगळ्यांनी पुस्तकं नेली, कित्येकांनी दोन-दोन, एकही प्रत उरली नाही. मॉरिसनं प्रत्येकात चूक दुरुस्त करणारी चिठ्ठी घातली होती. सभागृह झाडताना त्यातल्या तीसेक चिठ्ठ्या मला खुर्च्यांखाली सापडल्या.

"गोष्ट म्हणे," मॉरिस टेबलं घडी करत पुटपुटत होता. "गोष्ट!"

मला वाटलं, आता तरी संपलं. कुठलं! पंधरा दिवसांनी तो म्हणाला, "ज्यांचं आहे त्यांना द्यायला हवं." विल्यमचा धाकटा मुलगा जोसेफ जगला होता. त्याच्यापासून खाली खाली येत मॉरिसनं खरा वारस शोधून काढला: डेरेक टिपटन, लडलोला टायरचं दुकान. त्याला दोन पत्रं लिहिली. उत्तर नाही. मग अर्थातच मला गाडी काढावी लागली.

डेरेक पन्नाशीचा, गळ्यापर्यंत ग्रीसनं माखलेला, एका व्हॅनचं चाक काढत होता. मॉरिसनं टोपी काढून स्वतःची ओळख करून दिली आणि फाइल पुढं केली.

"काय विकताय?" डेरेकनं विचारलं.

"विकत नाही. तुमचे पूर्वज आहेत. तुम्हाला द्यायला आणलेत."

"मला नको."

"फुकट आहे. नऊ वर्षांचं काम आहे. चुकून माझ्याकडे आलं होतं."

"काका," तो म्हणाला, "माझा बाप मला सहा वर्षांचा सोडून पळाला. त्याच्याही मागचे बाप घेऊन मी काय करू?" आणि त्यानं पाना उचलला.

मॉरिसनं फाइल छातीशी धरली. "बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला आणि वळला. त्या वळण्यानं माझं डोकं फिरलं.

"ए, पाना ठेव खाली!" मी म्हटलं. "तुझा बाप पळाला, वाईट झालं. पण तुझा जोसेफ पळाला नव्हता. भाऊ गेला, आई गेली, बाप अंथरुणाला खिळला, तरी त्यानं तीस वर्षं तीच जमीन कसली. एडमंडनं दुष्काळात शेजाऱ्यांची दोन पोरं आणून वाढवली. आणि रॉजर! तुझ्या रॉजरनं घंटा दिलीय चर्चला, ती अजून वाजते, रविवारी जाऊन कान दे जरा! हा माणूस गुडघे दुखत असताना चिखलात बसला त्यांच्यासाठी. त्याचे कुणी लागत नसताना. आणि तू हात पुसून फाइल घेत नाहीस?"

डेरेकनं खरंच हात पुसले. फाइल घेतली. मला वाटतं घाबरूनच. व्हॅनचा मालकही उभा राहून ऐकत होता. त्यानं विचारलं, "घंटा खरंच अजून वाजते?"

"वाजते," मॉरिस आणि मी एकदम म्हणालो.

गाडीत बसल्यावर मॉरिस माझ्याकडे बघतच राहिला. "एडमंडची ती पोरं पुस्तकाच्या तळटिपेत होती."

"मग? वाचली मी. मोरीत फळीवर इस्त्री करताना दुसरं काय वाचू?"

डेरेकचा फोन किंवा पत्र कधी आलं नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं.

आता मॉरिस खऱ्या थॉमसच्या मागं आहे. आसपासच्या बावीस गावांच्या वह्या पाहून झाल्या. योग्य वयाचे तीन थॉमस टिपटन सापडले. एक सुताराचा, एक मेंढपाळाचा, आणि एकाच्या नोंदीत बापाचं नावच नाही. तिघांपैकी कुणाचं पुढं काय झालं हे कुठंच लिहिलेलं नाही. मॉरिसनं तिघांची नावं एका कागदावर लिहून भिंतीला लावलीत आणि रोज सकाळी चहा घेऊन तो त्यांच्यासमोर उभा राहतो.

काल बेरिलचा फोन आला होता. मॉरिस बराच वेळ "नाही, बेरिल," "तसं नसतं, बेरिल" करत होता. फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता.

"काय म्हणते?"

"म्हणते, एवढं काय डोकं चालवतोस, तिघांतला बरा दिसेल तो निवड आणि मोकळा हो."

"मूर्ख आहे ती," मी म्हटलं. "तेविसावं गाव कुठलं? आणि त्या जिल्ह्याचा दप्तरखाना किती वाजता उघडतो?"