फिक्या चहाचं पुण्य

"पाप पोळतं, पुण्य निवतं! बोला, उनझिरा माउलीचा विजय असो!"

ज्ञानेशने भोंग्यातून आरोळी ठोकली आणि कुंडाभोवतीच्या घोळक्याने ती अशी काही उचलली की झाडावरचे कावळे उडाले. वाफाळत्या पाण्यात तीन म्हातारी माणसं घोट्यापर्यंत पाय सोडून निवांत बसली होती. बाकीच्यांचं नुसतं बोट बुडालं तरी तोंडून "आई गं" निघत होतं. त्या तिघांना मात्र ढिम्म काही होत नव्हतं. लोक वाकवाकून त्यांना नमस्कार करत होते आणि मोबाइलवर फोटो काढत होते.

तिघांच्या मधोमध बसली होती भागुबाई. तिची सून तेजस्विनी काठावर स्वतःचा लाल झालेला पाय फुंकत होती. सासूच्या हट्टापायी तिनेही पाय घातला होता आणि किंचाळून बाहेर काढला होता.

"मास्तरीणबाई, पापाचा बोजा जरा जास्तच दिसतोय," ज्ञानेश भोंग्यातूनच म्हणाला. सगळे खो खो हसले.

"सासूला छळलं की असंच व्हायचं," सोसायटीतल्या रंगूबाईंनी फोडणी दिली.

आणि खुद्द भागुबाई! सिन्नर सोडून इंदिरानगरात आल्याला वीस वर्षं झाली, पण जीभ तिथलीच. "बघितलंस का तेजे? मला कायबी लागत नाय. तू शाळेत विज्ञान शिकवती अन् हितं बोंबलती! आता घरी गेल्यावर मला शिकवू नको."

तेजस्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं. पायापेक्षा हे जास्त झोंबलं.

खरं तर ही साधी निसर्गसहल होती. 'गरम पाण्याचे झरे, एका दिवसात', असं पोस्टर सोसायटीच्या फाटकावर लागलं होतं. दिंडोरीपर्यंत गाईड ज्ञानेशने विज्ञानही सांगितलं, म्हणजे एक वाक्य: पाणी खोल मुरतं, तिथल्या तापलेल्या खडकांनी गरम होतं आणि भेगेतून वर येतं. वणीला बस चहाला थांबली. तिथे विज्ञान खाली उतरलं आणि पुण्य बसमध्ये चढलं. मग डोंगर चढून कुंडाशी येताच गाईडचा महाराज झाला. डोळे मिटून, हात फिरवून, माउली सांगेल तसे त्याने तीन पुण्यवान निवडले. एक भागुबाई, दुसरे पुंजाराम आबा, तिसरे एक निवृत्त पोस्टमास्तर. तिघेही अचूक निघाले. त्याने विकायला काढलेल्या कुंडाच्या पाण्याच्या बाटल्यांवर लोक तुटून पडले.

"आता शेवटची सेवा!" ज्ञानेश गरजला. "साखर असो, बीपी असो, आपापल्या गोळ्या कुंडाला वाहा. आजपासून माउलीच डॉक्टर!"

भागुबाईने पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली आणि भक्तिभावाने पाण्यात सोडली.

साखर! तेजस्विनीचं फुंकर घालणं थांबलं. कोणाची पिशवीसुद्धा न उचलणारा हा माणूस वणीला स्वतः ट्रे घेऊन फिरला होता. "गोड कोणाला? फिका कोणाला?" आणि सकाळी बसमध्ये चढताना आईंच्या पायातली चप्पल निसटली, ती त्यांना कळलीच नाही. त्या एकाच चपलेवर सीटपर्यंत गेल्या. मागून चप्पल आणून ज्ञानेशनेच पायात घातली होती. काय नम्र मुलगा, असं सगळी बस म्हणाली होती.

ती लंगडत पुढे धावली. "आई, बाहेर या! आधी बाहेर या!"

"हात लावू नका! पापी हात लागला तर कुंड कोपेल!" ज्ञानेश ओरडला. रंगूबाई आणि आणखी दोघींनी तेजस्विनीचे दंड आवळून धरले. पाण्यातून भागुबाई तिला हसत होती. क्षणभर तेजस्विनीच्या मनात आलं, बसू दे. शिजू दे तिथेच. मग तिची नजर पाण्याखाली गेली. घोट्याच्या वरची कातडी सावळी होती आणि खालची लालबुंद.

तिने वर्गात चढतो तसा आवाज चढवला. "सकाळी वणीला फिका चहा कोणी घेतला? हात वर!"

कुंडातून तीन हात वर आले. काठावरून एकही नाही.

रंगूबाईंची पकड आपोआप सुटली.

"हा माणूस चहा वाटत नव्हता, माणसं हेरत होता," तेजस्विनी म्हणाली. "जुन्या साखरेने पायाच्या नसा मरतात. मग चटका कळत नाही, चप्पल सुटलेली कळत नाही. पण कातडी भाजायची ती भाजतेच!"

"योगायोग आहे हो ताई," ज्ञानेश चाचरला. "श्रद्धेच्या ठिकाणी..."

"मग तुम्ही उतरा."

"मी सेवक. सेवकाने कुंडात..."

मघाशी जयजयकार करणाऱ्या हातांनीच त्याला ढकललं. त्याच्या तोंडून ज्या शिव्या बाहेर पडल्या, त्या कुठल्याच संताच्या नव्हत्या. लोक हसले, तितकेच खो खो. तेजस्विनीला त्या हसण्याचीही शिसारी आली. तिने सासूला ओढून काठावर घेतलं.

"सोड गं! दुखत नाय, खुपत नाय, उगा कशाला..." भागुबाई करवादली.

तेजस्विनीने काठावरची तिची चप्पल उचलून पालथी केली. बाभळीचा काटा तळ फोडून आरपार गेला होता. "हा कधी लागला, आई?"

"कुठला काटा?"

तेजस्विनीने तिची टाच वर करून दाखवली. टाचेत भोक होतं आणि त्यात काट्याचं टोक मोडून बसलं होतं. भागुबाई बघत राहिली. डोंगर चढताना सगळी वाट ती त्या काट्यावर चालली होती. भाजलेल्या पावलांवर एव्हाना टरटरून फोड आले होते. तिने एका फोडाला घाबरत बोट लावलं. बोटाला फोड कळला, पायाला बोट कळलं नाही. तेव्हा कुठे ती रडायला लागली.

भागुबाईच्या उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. पुंजाराम आबांचा तर घोट्यापासून पायच गेला. ज्ञानेशचे फोड आठवड्यात बरे झाले, कारण त्याच्या पायाला चटका कळला होता आणि तो वेळेत बाहेर आला होता. एवढं साधं गणित आहे. चटका लागतो तो पापी नसतो, त्याचा पाय जिवंत असतो. जमीन पाणी तापवते, साखर नसा मारते, आणि आपल्याला काही होत नाही याचा आनंद कोणी करायला लावला तर आधी आपले तळपाय उजेडात धरून बघावेत. गोळ्या घ्याव्यात. टाळ्या नंतरही पिटता येतात.

दवाखान्यात रंगूबाई भेटायला आल्या. सवयीने भागुबाईच्या बँडेजपुढे वाकल्या आणि हळहळून विचारलं, "लय दुखतंय का हो?"

भागुबाईने पाय ओढून घेतला.

"नाय ना दुखत," ती म्हणाली. "दुखलं असतं तर बोटं राहिली असती."