लीगोच्या गाण्याला माफी मागू नये

माझ्या सासूबाईंच्या तोंडाला लागून जिंकलेला माणूस आमच्या गावात अजून जन्मायचा आहे. झेल्मा त्यांचं नाव. वय सत्त्याऐंशी. दात थोडेच उरलेत, पण चावा घ्यायला तेवढे पुरतात. माझा नवरा आयवर्स गेला तेव्हा लोकांना वाटलं, बिरुता आता शहरात लेकीकडे जाईल. मी गेले नाही. ह्या बाईशिवाय मला करमत नाही, हे खरं कारण मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, त्यांना तर नाहीच.

तर नोव्हेंबरमध्ये टोरांटोहून फोन आला, तो मी सासूबाईंच्या कानावर नको म्हणून घरात न घेता गोठ्यात जाऊन घेतला.

"बिरुता मामी का? मी सेल्गा. वेल्टाची नात. आपण सर्व कुशल आहात ना?"

असं लॅटव्हियन मी शेवटचं माझ्या आजीच्या तोंडून ऐकलं होतं. आमच्याकडे आता असं कुणी बोलत नाही; आमची भाषा रशियन काळात मळली, मग टीव्हीने मळली. जे समुद्रापार पळाले, त्यांनी मात्र ती ट्रंकेत घालून नेली आणि नातवंडांपर्यंत घडी न मोडता पोचवली. पोरगी कॅनडात जन्मलेली, तिची आई कॅनडात जन्मलेली, आणि तरी एक प्रत्यय चुकत नव्हता. मला कौतुकही वाटलं आणि थोडी लाजही.

वेल्टा म्हणजे सासूबाईंची थोरली बहीण. चव्वेचाळीस साली शरद ऋतूत, रशियन तोफा ऐकू यायला लागल्यावर, ती आमच्याच किनाऱ्यावरून कोळ्यांच्या होडीत बसून स्वीडनला गेली. ती अठरा वर्षांची, सासूबाई बारा. "नाताळपर्यंत येते," असं म्हणून गेली. तिच्या मागे सरहद्द बंद झाली. एकोणपन्नासच्या मार्चमध्ये शिपाई आले आणि घरातलं माणूस पळालं म्हणून सासूबाईंना आणि त्यांच्या आईला रेल्वेच्या गुरांच्या डब्यात घालून सैबेरियाला घेऊन गेले. दोघी जिवंत परतल्या, हेच नवल. पुढे देश स्वतंत्र झाला, पळालेले सगळे एकेकदा येऊन गेले, रडून गेले, फोटो काढून गेले. वेल्टा आली नाही. दोनदा तिकीट काढलं आणि दोन्ही वेळा विमानतळावरून घरी परत फिरली, असं सेल्गाने सांगितलं. आपल्या वाटची शिक्षा बहिणीने आणि आईने भोगली, आता कोणत्या तोंडाने जाऊ, असं म्हणायची.

आता ती वारली होती. तिची राख सेल्गाच्या कपाटावर होती, आणि शेवटची इच्छा एकच: आईशेजारी जागा मिळावी. गावच्या कबरस्तानात आमच्या घराण्याचा तुकडा आहे, पण तिथे कोण झोपणार ते सासूबाई ठरवतात.

सासूबाई बटाटे सोलत होत्या तेव्हा मी विषय काढला.

"जिवंतपणी पाय वळले नाहीत," त्या म्हणाल्या, "आता राख पाठवते. काय करू, काकड्यांना घालू?"

"आई, पोरगी चांगली आहे हो."

"चांगली आहे तर जूनमध्ये लीगोच्या सणाला येऊ दे. लीगोच्या संध्याकाळी दार कुणालाच बंद नसतं, करवाल्यालासुद्धा. पण कबरस्तानाचा शब्द काढला तर मी उठून झोपायला जाईन. आणि तू मध्ये तोंड घातलंस, तर तूसुद्धा तुझी गादी उचल."

दर रविवारी सेल्गा आणि मी फोनवर बसू लागलो. पोरीने अभ्यासाचा नुसता धडाका लावला होता. रीगा कुणाच्या हातून कुणाच्या हातात किती वेळा गेली, ते ती झोपेतून उठवलं तरी सांगेल. आमच्या भागाच्या हातमोज्यावर कोणती नक्षी, शेजारच्या परगण्याच्या मोज्यावर कोणती, हे तिला पाठ. घरातल्या प्रत्येकासाठी हातमोजे विणले आणि फोटो पाठवला. मी चष्मा लावून चूक शोधली. सापडली नाही, म्हणून थोडी चिडचिडही झाली.

एकदा तिने विचारलं, "मामी, पंचवीस मार्चला, सैबेरियाला नेलं त्या दिवशी, तुमच्याकडे मेणबत्त्या लावतात ना?"

"लावतात. पण तुझ्या झेल्मा आजी मेणबत्ती लावत नाहीत. त्या दारामागची पिशवी काढतात आणि आतले वाळवलेले पाव बदलून ताजे वाळवलेले भरतात. पुन्हा कुणी न्यायला आलं तर वाटेला हवेत म्हणून."

ती म्हणाली, "हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं."

"पुस्तकात नसलेलं अजून एक आहे. तुला टोमणे मारता येतात का?"

लीगोला पाहुणा फाटकाशी आला की यजमानीण बाया त्याची गाण्यातून खिल्ली उडवतात. एकजण ओळ उचलते, बाकीच्या खालून एकच सूर धरून ठेवतात. पाहुण्याने तिथल्या तिथे उलट गाऊन उट्टं काढायचं. जे बोलायची सोय नाही ते गायची सोय आहे, आणि गायलेल्याचा राग धरायचा नाही, ही आमच्याकडची रीत. सेल्गाला शेकडो जुनी गाणी पाठ होती, पण सगळी सूर्याची, चंद्राची आणि अनाथ मुलीची. मी म्हटलं, घे, हे ऐक:

*टोरांटोची पाहुणी आली, लीगो, लीगो,*
*पेटी मोठी, पाय काड्या, लीगो!*
*गोठ्यामधली गाय पुसते, लीगो, लीगो,*
*हिला खायला घालतं कोण, लीगो?*

"वा, मामी! किती सुंदर! मनापासून धन्यवाद!"

मी कपाळावर हात मारला. "अगं, धन्यवाद कसले? मी तुला हाडकुळी म्हटलं!"

"हो, पण ते खरंच आहे ना. माफ करा, मी चुकले का?"

"माफी तर मुळीच मागायची नाही! गाण्याला माफी मागितली की संपलं. तू हरलीस, आणि गाणारीचासुद्धा अपमान. तिने एवढी धार लावून ओळ फेकली आणि तू त्यावर टॉवेल टाकलास. समोरची तुला बोलते म्हणजे तुला आपली मानते, कळलं?"

कॅनडाने त्या पोरीचं काय केलं होतं कोण जाणे, खुर्चीला पाय लागला तरी खुर्चीची माफी मागायची. मार्च गेला, एप्रिल गेला. मे महिन्यात एका रविवारी मी तिच्या नाकावर गायले, तर ती खाकरली आणि म्हणाली:

*मामीकडे मांजरं तीन, लीगो, लीगो,*
*उंदीर त्यांना मोजून जातो, लीगो!*
*कोणी उपाशी नाही ना, लीगो, लीगो,*
*म्हणून पाव ठेवून जातो, लीगो!*

मी इतकी हसले की म्हाताऱ्या बाई आतून ओरडल्या, गाय व्याली की काय. त्या दिवशी मला वाटलं, ही नुसती शिकलेली नाही, ही आमची आहे.

लीगोच्या संध्याकाळी दारावर बर्चच्या फांद्या होत्या, ओसरीवर वेखंडाची पानं पसरली होती, पुरुषांच्या डोक्यावर ओकच्या पानांचे मुकुट कानापर्यंत घसरले होते. आमच्याकडे तेव्हा रात्रीचे दहा वाजले तरी ऊन असतं. त्या उन्हात ती बस थांब्यापासून चालत आली, लाल पेटी ओढत. अंगावर आमच्याच परगण्याचा पोशाख, शालीला पिन जिथे हवी तिथे. मी पुढे जाऊन मिठी मारली तेव्हा कानात म्हणाली, "आजी पेटीत आहे."

"माझ्या कपाटात ठेवूया."

"नको मामी. तिलाही गाणी ऐकू दे."

फाटकाशी बाया उभ्या राहिल्या. शेजारची हर्टा आमची पुढारीण. तिचा आवाज पलीकडच्या गावात जातो आणि तिथून तक्रार येते. हर्टाने सुरुवात केली. पेटीला चार चाकं आहेत, पण पाहुणीला घर सापडायला इतकी वर्षं का लागली, असं काहीसं. बाया हसल्या. सगळे सेल्गाकडे वळले.

सेल्गा लाल झाली. आणि माझ्या सहा महिन्यांच्या मेहनतीवर पाणी ओतत म्हणाली, "माफ करा. बसला उशीर झाला."

सगळं अंगण गार पडलं. हर्टाने माझ्याकडे अशी नजर टाकली, की हीच का तुझी शिकवणी? मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी बिअरच्या पिंपासकट आत जावं.

तेवढ्यात सासूबाई बाकावरून उठल्या. मांडीवरचं चीजचं ताट त्यांनी हर्टाच्या हातात दिलं. मुलगा गेल्यापासून त्यांनी ओळ उचलली नव्हती. आवाज करवतीसारखा निघाला, पण सूर जागेवर.

*नाताळपर्यंत येते म्हणाली, लीगो, लीगो,*
*नाताळ माझे किती गेले, लीगो!*
*डबा गुरांचा, बर्फ उशाला, लीगो, लीगो,*
*होडी तिची परतली नाही, लीगो!*

कुणी हसलं नाही. ही खिल्ली नव्हती. एवढ्या वर्षांत ही बाई त्या डब्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती, ना नवऱ्याजवळ, ना मुलाजवळ, ना माझ्याजवळ, आणि आता अख्ख्या गावासमोर गायली. खालचा सूर धरलेल्या बायांना तो सोडता येईना. उत्तर येईपर्यंत तो धरायचाच असतो. तो सूर तसाच लांबत राहिला. एकीचा दम संपला की दुसरी उचलायची.

मला धावत जाऊन पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं. पण उत्तर तिचं होतं. आणि मी मनात म्हणत होते, माफी मागू नकोस, बये, ह्या एका गोष्टीची तर मुळीच मागू नकोस, कारण मागितलीस तर ह्या बाईला आत जाऊन झोपण्यावाचून काही उरणार नाही.

सेल्गाने पेटीचा दांडा सोडला. पदराला हात पुसल्यासारखे शालीला पुसले. मी शिकवलेलं काहीच गायली नाही ती.

*सरक थोडी, झेल्मा, सरक, लीगो, लीगो,*
*पांघरूण एकटी ओढायचीस, लीगो!*
*वेल्टा आता मूठभर झाली, लीगो, लीगो,*
*आता तरी जागा दे, लीगो!*

कबरस्तानाचा शब्द काढायचा नव्हता, आणि हिने काढलाच नव्हता. आणि काढलाही होता. सगळं गाव म्हातारीकडे बघत होतं.

"खोटारडी!" सासूबाई ओरडल्या. नुसत्या बोलल्या, गायल्या नाहीत, म्हणजे नियम मोडला. मग त्यांचं त्यांनाच कळलं. मान ताठ केली आणि सूर पकडला:

*खोटं तुला शिकवून मेली, लीगो, लीगो,*
*ओढायची ती, उघडी मी, लीगो!*
*गारठलेले पाय तिचे, लीगो, लीगो,*
*माझ्या पोटात खुपसायची, लीगो!*

आता पोरगी थांबेना. सूर पुरता खाली यायच्या आत तिने वरून टाकलं:

*पाय गार, रात्र मोठी, लीगो, लीगो,*
*कुणाच्या पोटात खुपसावे, लीगो?*
*बहीण मग असते कशाला, लीगो, लीगो,*
*तिकडे तिला कुणी नव्हतं, लीगो!*

सासूबाईंना उत्तर सुचलं नाही, हे मी आयुष्यात प्रथम पाहिलं. त्यांनी हर्टाच्या हातातून ताट घेतलं, चीजचा जाड तुकडा मोडला, फाटकाशी गेल्या आणि पोरीच्या तोंडात स्वतःच्या हाताने कोंबला.

"खा," म्हणाल्या. "बिरुता बरोबर सांगत होती, पाय काड्याच आहेत."

मग बाया हसल्या, रडल्या, हर्टाने नाक शिंकरलं आणि पुरुषांना बिअर आठवली. मी गोठ्यात गेले. मलाही रडायचं होतं, आणि ते मी गाईसमोर करते.

दुसऱ्या दिवशी मी उठले तर सासूबाई अंगणात, हातात दाताळं, पायात बूट. "पोरीला उठव," म्हणाल्या. "पेटी घेऊन ये म्हणावं."

आमचं कबरस्तान टेकाडावर, पाइनच्या झाडांखाली, पांढऱ्या वाळूत आहे. आईच्या कबरीला लागून रिकामी वाळू होती. ती सासूबाईंनी स्वतःसाठी राखलेली, हे सगळ्या गावाला ठाऊक. तिथे त्यांनी दाताळ्याच्या टोकाने एक चौकोन काढला.

"इथे ती. आईला चिकटून."

"आणि तुम्ही?" सेल्गाने विचारलं.

"मी तिच्या पलीकडे. कडेला. मला रात्री उठावं लागतं."

सेल्गा राखेची डबी छातीशी धरून उभी होती. म्हणाली, "आजी, आता इथे कुणी ऐकणारं नाही. खरं सांगा. पांघरूण कोण ओढायचं?"

मी ऐकणारी होतेच की, पण मला कुणी माणसात धरत नाही. सासूबाई पाठमोऱ्या होऊन, मागे मागे सरकत वाळूवर दाताळं फिरवत राहिल्या, तिथल्या रीतीप्रमाणे स्वतःच्याच पावलांच्या खुणा पुसत.

"मी," त्या म्हणाल्या. "मीच ओढायचे. ती गेली त्या रात्री अख्खं पांघरूण मला मिळालं. तेव्हापासून ऊब नाही." मग माझ्याकडे वळून खेकसल्या, "तू काय बघत उभी? फावडं आण."